'वस्ती विरुद्ध वस्ती' सामना घेऊ नका

प्रश्न असा आहे: दंगलीनंतर दोन वस्त्यांमधलं येणं-जाणं तुटलंय, दोन्हीकडच्या तरुणांसाठी एक दिवसाचा सद्भावना मेळावा आणि शेवटी 'वस्ती विरुद्ध वस्ती' क्रिकेट सामना ठेवायचाय, तयारी कशी करावी?

तो सामना आधी रद्द करा. शांतता समितीतल्या ज्येष्ठांशी माझा याच मुद्द्यावर जुना वाद आहे. त्यांना दोन रंगांचे दोन संघ आणि हस्तांदोलनाचा फोटो हवा असतो. पण एका रनआउटवरून वाजलं की ज्यांच्यात भांडण आहे तेच दोन गट हातात बॅटी घेऊन समोरासमोर येतात, आणि त्यांना जमवलेलं आपणच असतं. उत्तर प्रदेशात मॅट लोव या अर्थतज्ज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची लीग घेऊन हेच तपासलं. एका संघात खेळलेल्यांची परजातीतली मैत्री वाढली. विरोधी संघ म्हणून भेटल्याने बहुतेक उलटंच झालं.

लीगच घ्या, पण मिश्र संघांची. नोंदणी एकेका खेळाडूची करा. संघाची घेतली की मंडळाचा तयार संघ येतो आणि मग तो फोडता येत नाही. वय १६ ते २२, आठ-आठ जणांचे आठ संघ, टेनिस बॉल, सहा षटकं. सगळे संघ एकमेकांशी खेळले की सात रविवार लागतात. प्रत्येक वस्तीचा एक डबा करा आणि दोन्ही डब्यांतून प्रत्येक संघाला चार-चार चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. बॉलरच्या चिठ्ठ्या वेगळ्या, नाहीतर एका संघात तीन बॉलर जातात आणि 'सेटिंग' झाल्याची बोंब उठते. कप्तान एका वस्तीचा, उपकप्तान दुसरीचा. चौथ्या रविवारी अदलाबदल.

एक नियम मात्र सोडू नका: सलामीची जोडी दोन वस्त्यांची हवी. धाव घ्यायची तर 'हो', 'नको', 'थांब' ओरडावंच लागतं आणि समोरच्याच्या हाकेवर विश्वास ठेवून क्रीज सोडावी लागते.

जर्सी भगवी नको, हिरवीही नको. अंपायर तिसऱ्याच भागातले आणि मानधन देऊन आणलेले. मैदान दोघांच्याही नाक्यावरून जावं न लागणारं. रमजान, गणपती, मोहरम, दहावी-बारावीच्या परीक्षा टाळून तारखा धरा. नगरसेवकाचा बॅनर एकही नको.

तिसऱ्या रविवारपासून गळती लागते. जाता-येता टोमणे बसतात, शनिवारी रात्री कुठलासा व्हिडिओ फिरतो आणि घरचे पाठवत नाहीत. म्हणून प्रत्येक संघात दोन वस्त्यांचे दोन फोनवाले ठरवा. व्हिडिओ आला की तो पुढे पाठवण्याआधी पलीकडच्याला फोन. गळालेल्याच्या जागी खेळाडू त्याच डब्यातून घ्या.

सात रविवारांनी शहर बदलत नाही. इराकमध्ये सलमा मूसा यांनी ख्रिश्चन आणि मुस्लिम तरुणांची फुटबॉल लीग घेतली. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. मिश्र संघांतले ख्रिश्चन खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करत होते, पण मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या हॉटेलात जेवायला जाण्याइतका बदल झाला नव्हता. पुढचं काम आपल्याकडे भिवंडीने दाखवलंय. १९७० आणि १९८४ ला पेटलेल्या त्या गावात पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, नियमित बैठका घेतल्या. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तेव्हा लीग संपली की त्याच जोड्या विसर्जनाच्या आणि मोहरमच्या मिरवणुकीत स्वयंसेवक म्हणून उभ्या करा, दोन्हीकडे एकच बिल्ला.

दोन गोष्टी राहिल्या. मुलींना यात नुसत्या प्रेक्षक करू नका. त्यांच्यासाठी वेळ, जागा आणि खेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवा. आणि पोरांवर सरसकट गुन्हे दाखल असतील, जळलेल्या दुकानांची भरपाई अडली असेल, तर आधी वकील आणि तहसील कार्यालय गाठा. ज्याचा भाऊ आत आहे त्याला खेळायला बोलावण्याआधी जामिनाचं काय झालं हे विचारायला त्याच्या घरी जा. ज्येष्ठांनाही सोबत न्या, फोटोग्राफर न घेता.