मिनेसोटाच्या हिवाळ्यात मोटारहोम, म्हणजे नळ-कमोड असलेली घरासारखी गाडी, उघड्यावर ठेवायचं तर काय करावं? दर आठवड्याला इंजिन सुरू केलं तर पुरेल का?

नाही पुरणार. जुनं क्लास सी (व्हॅनच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं मोटारहोम) घेतलंय आणि ड्राइव्हवेवरच हिवाळा काढायचाय म्हणता, तर इंजिनापेक्षा नळांची काळजी आधी करा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. भिंतीमागचा एखादा प्लास्टिकचा जोड जानेवारीत फुटतो आणि ते कळतं एप्रिलमध्ये, पाणी भरून पंप लावल्यावर.

आम्ही हे काम नवरात्राच्या सुमारास उरकतो. दिवाळीची वाट बघू नका, तोवर कडक थंडीची रात्र येऊन गेलेली असते.

आधी मैल्याची आणि सांडपाण्याची टाकी डंप स्टेशनवर (अशा टाक्या ओतायच्या ठरलेल्या जागी) रिकामी करून धुऊन आणा. मग पिण्याच्या पाण्याची टाकी सोडा, गाडीखालचे निचऱ्याचे नळ उघडा. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवा आणि मगच खालचा बोल्ट फिरवा. घाई केली तर कढत पाणी अंगावर येतं. सबर्बन कंपनीचा गीझर असेल तर बोल्टाबरोबर एक कांडी बाहेर येईल. टाकीऐवजी ती झिजावी म्हणून बसवलेली असते. बरीचशी खाल्ली गेली असेल तर वसंतात नवी घाला. त्यानंतर गीझरचा बायपास, म्हणजे गीझर वगळून पाणी पुढे नेणारी चावी, फिरवा, नाहीतर नळ्यांना गोठण्यापासून वाचवणारा द्रव, म्हणजे अँटिफ्रीझ, सहा गॅलन नुसतं गीझर भरण्यात जाईल.

अँटिफ्रीझ आरव्हीचंच (म्हणजे मोटारहोमसाठीचं), गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. कारच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या नळीत कधीही घालू नका. बाटलीवरचा उणे 50 हा आकडा फॅरनहाइटमधला आहे आणि तो पाइप न फुटण्याबद्दलचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधीच बर्फाच्या चुऱ्यासारखा होतो. त्यात उरलेलं पाणी मिसळलं की ताकद आणखी घटते, म्हणूनच आधी नीट निचरा.

पंपाची ओढनळी बाटलीत सोडा, पंप लावा आणि एकेक नळ उघडा, गार वेगळा, गरम वेगळा. नळ आधी फुरफुरतो, मग साधं पाणी येतं, मग फिकट गुलाबी. तिथे थांबू नका, रंग गडद होईपर्यंत वाहू द्या. कमोडचा फ्लश आणि शॉवर आलेच. बाहेरचा शॉवर मात्र हमखास राहून जातो. शेवटी प्रत्येक बेसिनच्या आणि शॉवरच्या जाळीत कपभर ओता, म्हणजे खालच्या वाकातलं पाणीही सुरक्षित.

बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर पूर्ण चार्ज करून काढा आणि घरात ठेवा. उतरलेली बॅटरी उणे 7 सेल्सियसच्या आसपासच गोठू शकते, भरलेली मिनेसोटाची थंडीही सोसते. लिथियम असेल तर शून्याखाली चार्जिंग नको.

आता इंजिन. दहा मिनिटं जागेवर चालवल्याने ते नीट तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये ओल मात्र साठते. त्यापेक्षा पेट्रोलची टाकी भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घाला, एक फेरी मारून या, जनरेटरही थोडा वेळ चालवा आणि मग वसंतापर्यंत हात लावू नका.

उंदरांना मी थंडीइतकंच भिते. तांदूळ, पोहे, बिस्किटं, मसाल्याचा डबासुद्धा, सगळं घरात आणा. गाडीखाली झोपून टॉर्चने बघा: पाइप आणि वायरी जिथून आत शिरतात तिथल्या फटीत तांब्याची जाळी कोंबा. बोट जाईल एवढी फट त्यांना पुरते.

प्रोपेन बंद करा, फ्रिज पुसून दार उघडं ठेवा. छपरावरच्या खिडक्यांभोवतीचं सीलंट तडकलंय का बघा आणि कोरड्या, उबदार दिवशी नवं भरून घ्या. वरून निळी ताडपत्री घालू नका, ती वाऱ्याने रंग घासते आणि आत ओल कोंडते. हवा खेळणारं कव्हर मिळतं, ते महाग वाटलं तरी घ्या.