एफएफएमपेग वापरलं तर आमच्या टीव्ही अ‍ॅपचा सगळा कोड खुला करावा लागेल का?

सरसकट नाही. एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं मुक्त सॉफ्टवेअर, मुळात एलजीपीएल २.१ या सौम्य मुक्त परवान्याखाली येतं. डायनॅमिक लिंक करून, म्हणजे वेगळी लायब्ररी फाइल म्हणून अ‍ॅपला जोडून वापरलंत तर तुमचा कोड तुमच्याकडेच राहतो. मात्र एफएफएमपेगचा सोर्स (मूळ कोड), तुमच्या बदलांसकट, ग्राहकांना उपलब्ध ठेवा आणि अ‍ॅपमध्ये तसा उल्लेख करा. खरी मेख बिल्डमध्ये, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना असते. एन्कोडिंगला, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करायला, एक्स२६४ ही लायब्ररी हवी म्हणून कुणीतरी 'एनेबल-जीपीएल' हा पर्याय टाकतं आणि अख्खं बिल्ड जीपीएल या जास्त कडक परवान्याखाली जातं. मग ते जोडलेलं अ‍ॅप वाटताना त्याचाही सोर्स द्यावा लागतो. नुसतं चॅनल दाखवायचं असेल तर एक्स२६४ लागतच नाही, एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचा डीकोडर (तो उलगडून दाखवणारा भाग) एफएफएमपेगमध्येच आहे. तयार बायनरी (दुसऱ्याने आधीच बिल्ड केलेली फाइल) उचलण्याआधी तिला व्हर्जन विचारा आणि येणारी कॉन्फिगरेशनची ओळ नीट वाचा. तिथे 'एनेबल-नॉनफ्री' दिसलं तर ती बायनरी पुढे कुणाला देताच येत नाही.