नदीसाठी लवादाकडे जाण्याआधी

तुमची तळमळ कळते, पण मुठेकाठचा राडारोडा पाहून लगेच हरित लवादाकडे (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) धावू नका. आधी मागायचं काय ते ठरवा. नुसता भराव थांबवायचाय की बिघडलेला काठ पूर्ववत करून हवाय? राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 मध्ये या वाटा वेगळ्या आहेत. कलम 14 खाली वाद न्यायला, वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सहा महिने मिळतात. कलम 15 खाली भरपाई किंवा पर्यावरण पूर्ववत करून मागायला पाच वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर दोन्हींत वर 60 दिवस, त्यापुढे लवादाचेही हात बांधलेले. नवखे इथेच अडकतात. निवेदनं देत, पोच गोळा करत वर्ष जातं आणि सहा महिने कधीच उलटलेले असतात.

पुराव्यात सगळ्यात भक्कम म्हणजे पूररेषेचा नकाशा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या. जलसंपदा विभागाकडून माहिती अधिकारात प्रमाणित प्रत घ्या आणि भराव त्यावर दाखवा. (नदीपासून किती अंतरावर कोणते उद्योग चालतील ते ठरवणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण 2015 मध्ये रद्द झालं, तेव्हा त्यावर विसंबू नका. माझ्या मते तो निर्णय चुकीचाच होता.)

नदीत सांडपाणीही सोडलं जात असेल, तर त्याचा नमुना स्वतः बाटलीत भरू नका, प्रदूषण नियंत्रण मंडळाला घ्यायला लावा. जल कायदा 1974 च्या कलम 21 मधली पद्धत चुकली, तर अहवाल पुराव्यात टिकत नाही.

भरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क 1000 रुपये. वकील मात्र पर्यावरणाच्या कामातलाच बघा.