टॅरिफवर लिहू पाहणाऱ्या तरुण मित्रास

प्रिय मित्रा,

तुझा लेख दोनदा वाचला. भाषा धारदार आहे, पण अर्धा लेख ट्रम्प यांच्यावरच खर्ची पडलाय. ट्रम्प जातील, टॅरिफ म्हणजे आयात शुल्क राहील. 2018 पासून त्यांनी चिनी मालावर लावलेलं शुल्क बायडन यांनी काढलं नाहीच, उलट 2024 मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं 25 वरून 100 टक्क्यांवर नेलं. तेव्हा तू काय लिहिलं होतंस, असं एखादा वाचक विचारणारच. लिबर्टेरियन, म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी असं मानणारा, म्हणवून घ्यायचं तर पक्ष बघून तत्त्वाला मुरड घालता येत नाही. त्या कामाला दोन्ही पक्षांकडे माणसं पुष्कळ आहेत.

माणसाऐवजी एखाद्या शुल्काच्या मागावर जा. ‘चिकन टॅक्स’ घे. युरोपच्या सामाईक बाजारपेठेने अमेरिकन कोंबडीवरचं शुल्क वाढवलं म्हणून 1963 च्या डिसेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ब्रँडी, डेक्स्ट्रिन, बटाट्याचा स्टार्च आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के शुल्क लावलं. कोंबडीचं भांडण कधीच विझलं. ट्रकवरचं शुल्क मात्र साठ वर्षं उलटली तरी जिवंत आहे, कारण त्याच्या आडोशाला डेट्रॉइटचे मोटार कारखानदार सुखात आहेत.

आता गंमत बघ. यातल्याच फोर्डने तुर्कस्तानात बनलेली ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन अमेरिकेत आणली ती मागच्या सीटांसह. सीटा आहेत म्हणजे प्रवासी गाडी, म्हणजे शुल्क फक्त अडीच टक्के. कस्टममधून गाडी सुटली की त्या सीटा उपटायच्या, मागच्या खिडक्यांच्या काचांच्या जागी पत्रे ठोकायचे, की झाली मालवाहू व्हॅन. काढून टाकण्यासाठीच सीटा बसवायच्या! सरकारशी खटला बरीच वर्षं चालला आणि 2024 मध्ये फोर्डने 36.5 कोटी डॉलर भरायचं कबूल करून तो मिटवला. टॅरिफच्या संरक्षणाने उद्योग कार्यक्षम होतो असं कुणी म्हणालं तर त्याला या सीटांचं काय ते विचार.

वॉशिंग मशिनचं उदाहरण तू दिलंयस, पण अर्धंच. 2018 च्या शुल्कानंतर मशिनं साधारण 12 टक्क्यांनी महागली, हे बरोबर. पण ड्रायरही तेवढेच महागले, आणि त्यांच्यावर शुल्क नव्हतंच. दोन्ही वस्तू जोडीने विकल्या जातात, तेव्हा कंपन्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाने यातून सुमारे 1,800 नोकऱ्या उभ्या राहिल्या आणि दर नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला 8 लाख डॉलरहून जास्त गेले. त्या 1,800 जणांसोबत नेत्याला फोटो काढता येतो. ड्रायर घेणाऱ्याला आपण नेमकं कशाचं बिल भरतोय हे कळतही नाही. टॅरिफ टिकतं ते या अंधारावर. तुझ्या लेखात ड्रायर यायला हवा.

एका बाबतीत मात्र तू घाई केलीयस. चीन जागतिक व्यापार संघटनेत आला 2001 मध्ये, आणि त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतली फर्निचरची, कापडाची कित्येक गावं खरोखर ओस पडली. ‘बाजार सावरून घेईल’ या एका वाक्यावर त्यांची बोळवण करू नकोस. आपल्या विचाराच्या लोकांची ही जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळे आपण निम्मे श्रोते पहिल्या मिनिटालाच गमावतो. गेलेला कारखाना टॅरिफने परत येत नाही, हे म्हण; पण आधी तो गेला, हे मान्य कर.

शेवटचा मुद्दा तू तळटीपेत टाकलायस, तो वर आण. माझ्या मते लेखाचा जीव तिथेच आहे. अमेरिकन राज्यघटनेने आयात शुल्क लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. एप्रिल 2025 मध्ये जवळपास सगळ्या जगावर शुल्क लावलं गेलं ते 1977 च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन, आणि त्या कायद्यात टॅरिफ हा शब्दसुद्धा नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेली ती न्यूयॉर्कमधली वाइन आयात करणारी एक छोटी कंपनी आणि तिच्यासारखे इतर लहान व्यावसायिक. त्यांचा खटला लढवला लिबर्टी जस्टिस सेंटर या लिबर्टेरियन संस्थेने. मे 2025 मध्ये व्यापार न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कराचा दर किती, हा प्रश्न नंतरचा. एक माणूस सकाळी उठून तो ठरवू शकतो का, हा आधीचा. एकदा हो म्हटलं की व्यापाऱ्यांची रांग गिऱ्हाईकाच्या दारातून हलून मंत्रालयाच्या दारात लागते. 2018 च्या पोलाद शुल्कातून सूट मागणारे अर्ज हजारोंनी आले होते, आणि त्यांवर हरकत घ्यायची मुभा देशी पोलाद कंपन्यांना होती. म्हणजे तुला कच्चा माल मिळावा की नाही, यावर तुझ्या शुल्कातून कमावणाऱ्याचं मत घ्यायचं!

लेख हजार शब्दांच्या आत आण. विशेषणं निम्मी कर, आणि ट्रम्प यांच्या केसांवरचा विनोद काढून टाक. पुढचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मी प्रवासात आहे.

तुझा,
काका