शेजारच्या कॉटवरच्या मुलासाठी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पुन्हा देणाऱ्या लातूरच्या रिपीटर मुलांसाठी तू आखलेल्या, मानसिक आरोग्यावरच्या ऑनलाइन सत्रांच्या स्लाइड काल रात्री नीट पाहिल्या. मेहनत दिसते. पण पहिल्याच सत्रात नैराश्य, चिंताविकार, ओसीडी अशा नऊ व्याख्या घातल्या आहेस, त्या काढ. नीटची तयारी करणारी पोरं व्याख्या चटकन पाठ करतील. शेजारच्या कॉटवरचा मुलगा तीन दिवस मेसला गेलेला नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात यायचं नाही.

'मानसिक आरोग्य साक्षरता', म्हणजे मनाचा आजार ओळखता येणं आणि त्यावर काय करावं हे ठाऊक असणं, ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. त्यांनी पाहणीत लोकांना एका माणसाची हकीकत सांगितली आणि विचारलं, याला काय झालंय? याला कशाने बरं वाटेल? नैराश्याची हकीकत ऐकून ते नैराश्य आहे, हे फक्त ३९ टक्के लोकांना ओळखता आलं.

तूही गोष्टच सांग. एक मुलगा आहे. टेस्टला ५४० मिळायचे, आता ३९० वर आलाय. रात्री दोनला टक्क जागा, सकाळच्या बॅचला गैरहजर. आईचा फोन आला की "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून देतो. मॅच लागली तरी डोकं वर काढत नाही. दोन आठवडे झाले. आता मुलांना विचार: तू त्याचा रूममेट आहेस, आज संध्याकाळी त्याला काय म्हणशील? तोंडात येईल ते वाक्य जसंच्या तसं चॅटमध्ये लिहायला लाव.

"टेन्शन नको घेऊ यार" हे उत्तर ढिगाने येईल. त्यावर थांब, घाई करू नकोस. आपण सगळे घरी हेच ऐकत मोठे झालोय, म्हणून तेच ओठांवर येतं. मग दुसरं वाक्य त्यांच्याकडूनच घडवून घे. "पंधरा दिवस बघतोय, तू नीट जेवत नाहीस, झोपत नाहीस. काय होतंय?" इतकं साधं. आणि एवढं म्हणून झाल्यावर गप्प बसायचं, हेही शिकव. ते सगळ्यात अवघड असतं.

कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर "जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. मात्र 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, वॉर्डनला उठवायचं, घरी कळवायचं.

कॅमेरा चालू ठेवायचा आग्रह धरू नकोस. एका खोलीत चार कॉट, एकाच्या कानात इयरफोन, बाकीचे तिघे ऐकतायत, तिथे कोण बोलेल? लॉकडाऊनमध्ये मी असंच एक सत्र घेतलं होतं. साडेनऊला संपलं, एकही प्रश्न नाही. अकरा चाळीसला एका मुलीचा मेसेज आला: "मॅडम, माझ्या मैत्रिणीला रात्री छातीत धडधडतं. तिनं काय करावं?" ही मैत्रीण कोण, ते मला कळलं होतं. तरी मी सकाळी उत्तर दिलं. तिने पुन्हा कधी लिहिलं नाही. मला ते अजून सलतं.

म्हणून तुझ्या आराखड्यात सत्रानंतरचे तीन तास धर. त्या वेळात कुणीतरी मेसेज बघत जागं हवं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर शेवटच्या स्लाइडवर टाकून सोडू नकोस, सत्र चालू असतानाच मुलांना सेव्ह करायला सांग. फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, यावरच मुलं अडतात. तेही लिहून दे: "मला झोप लागत नाही, कुणाशी तरी बोलायचंय." शिवाय लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते, केसपेपर कुठे काढायचा, ते स्वतः जाऊन बघून ये.

बदललेली गोष्ट रविवारपर्यंत पाठव. पहिल्या सत्राच्या रात्री मी जागी आहे, मेसेज दोघं मिळून बघू.

तुझी,
ताई