टच माउस: पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे

बिनवायरच्या, बोट फिरवून चालवायच्या माउसबद्दल गेल्या महिन्यात या सदरात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा रोख अ‍ॅपलच्या मॅजिक माउसवर आहे, म्हणून उत्तरंही त्याच्याभोवतीच फिरतील. आधीच सांगून टाकते: मी हा माउस वापरते, पण सगळ्या कामांना नाही. टेबलावर चाकाचा साधा माउसही असतोच.

मॅडम, ग्राहकांचे अभिप्राय वाचून डोकं भणाणलं. एक म्हणतो, याच्यासारखा माउस नाही. त्याच्याच खाली दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात गेले. विश्वास कुणावर ठेवायचा? आणि पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय ओळखायचे कसे? – व्हिडिओ एडिटर, पुणे

दोघांवरही ठेवा. दोघं खरंच सांगताहेत, फक्त त्यांची कामं वेगळी आहेत.

या माउसला चाक नाही आणि डावं-उजवं अशी दोन बटणंही नाहीत. वरचं अख्खं कवच बोटाचा स्पर्श ओळखतं आणि खाली दाबलं की आतला एकच स्विच वाजतो. डावी क्लिक की उजवी, हे बोट कुठे टेकलंय त्यावरून ठरतं. 2009 साली तो आला तेव्हा नवलाई होती ती बोट सरकवण्याची. वर-खालीच नव्हे, आडवं-तिडवं कसंही सरकवा, पडदा त्या दिशेला जातो. तुमच्यासारख्या टाइमलाइनवर, म्हणजे व्हिडिओच्या लांबलचक आडव्या पट्टीवर, दिवस काढणाऱ्याला ही चैन आहे. चाकाच्या माउसवर जिथे शिफ्ट धरून चाक फिरवावं लागतं, तिथे इथे बोट नुसतं डावीकडे ओढलं की झालं.

आता हाच माउस एखाद्या हिशेबनिसाच्या हातात द्या. एक्सेलमध्ये तो खाली जायला बोट ओढतो, बोट जरा तिरकं जातं आणि रकाने बाजूला पळतात. दिवसातून चारदा असं झालं की तो एक तारा देऊन मोकळा होतो. तुमचा पाचवा तारा ज्या गुणामुळे, त्याचा एक तारा त्याच गुणामुळे.

म्हणून तारे मोजण्याआधी लिहिणारा काय काम करतो ते शोधा. ‘मस्त आहे, डिलिव्हरी वेळेत’ हा कुरिअरवाल्याबद्दलचा अभिप्राय झाला, माउसबद्दलचा नव्हे. ‘पॅकिंग फाटलेलं होतं’ हाही सोडून द्या. मी तीन तारेवाले आधी वाचते, कारण राग आणि प्रेम दोन्ही ओसरलेली माणसं तिथे सापडतात. ‘व्हेरिफाइड’ या शिक्क्याचा अर्थ त्याने वस्तू विकत घेतली एवढाच आहे. त्याने ती वापरली, असा नाही. शिवाय एकाच पानावर जुन्या आणि नव्या मॉडेलचे अभिप्राय एकत्र घातलेले असतात, तेव्हा तारीख बघा. 2015 च्या आधीची तक्रार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या पहिल्या मॉडेलची असणार, त्यातली सेलबद्दलची कुरकुर आजच्या माउसला लागू नाही.

पैसे देऊन लिहून घेतलेल्या अभिप्रायांबद्दलही तुम्ही विचारलंय. भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये त्यासाठी आयएस 19000 हे मानक आणलं. अभिप्राय कसे गोळा करायचे, तपासायचे आणि छापायचे हे त्यात आहे. पण ते ऐच्छिक म्हणून आलं, तेव्हा चाळणी आपल्याच हातात ठेवलेली बरी. पाच अभिप्रायांत तेच वाक्य तसंच्या तसं दिसलं, तर पाचही बाद.

मी डीटीपी करते. पान लावताना मजकूर आपोआप सरकतो आणि उजवी क्लिक करायला जावं तर कधीकधी डावी होते. माउस बिघडलाय का? – कोल्हापूर

बिघडलेला नाही. मी अशाच एका ऑपरेटरशेजारी बसून तिचा हात बघत होते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही माउसवर आरामात पसरलेली, साध्या माउसवर असतात तशी. उजवी क्लिक करताना ती मधलं बोट दाबायची, पण तर्जनी तिथेच टेकलेली. माउसला दोन बोटं दिसतात, स्विच एकच वाजतो, आणि बहुधा तो डावी क्लिक धरतो. उजवी क्लिक हवी असेल तेव्हा तर्जनी जराशी उचला. विचित्र वाटेल, पण हाताला लवकर वळण पडतं. त्याआधी मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर ‘सेकंडरी क्लिक’ चालू आहे ना, आणि ती उजव्या बाजूला नेमलेली आहे ना, एवढं बघून घ्या.

मजकूर सरकण्याला दोन कारणं. एक, दाबताना बोट किंचित घसरतं आणि माउसला ते स्क्रोल वाटतं. त्यावर उपाय हाताच्या सवयीचाच: दाबायचं तेव्हा दाबायचं, ओढायचं तेव्हा ओढायचं. दुसरं कारण म्हणजे बोट उचलल्यावरही पान घरंगळत राहणं. हे मुद्दाम केलेलं असतं आणि ते बंद करता येतं. त्याच सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, त्यात ‘पॉइंटर कंट्रोल’, त्यात ‘माउस ऑप्शन्स’, तिथे स्क्रोल करतानाचं ‘इनर्शिया’ काढून टाका. बोट थांबलं की पान थांबतं. डीटीपीवाल्यांना मी पहिलं काम हेच सांगते. आणि दोन बोटांनी पानं उलटण्याची, अ‍ॅप बदलण्याची हातखुणा लागत नसेल तर तीही बंद करा. अर्धी चिडचिड तिथेच संपेल.

मी आर्किटेक्ट आहे. स्केचअप आणि ब्लेंडर ही थ्रीडी मॉडेलची दोन्ही सॉफ्टवेअर वापरतो. ऑफिसच्या नव्या मॅकबरोबर हाच माउस आलाय. जमेल का? – नाशिक

नाही. इतकं सरळ ‘नाही’ मी सहसा म्हणत नाही.

स्केचअपमध्ये मधलं बटण दाबून धरलं की मॉडेल फिरतं, शिफ्टबरोबर धरलं की सरकतं. तुमचा हात दिवसभर त्या बटणावर असतो आणि या माउसला मधलं बटणच नाही. ब्लेंडरमध्ये तीन बटणांच्या माउसची नक्कल करण्याची सोय आहे, प्रवासात काम निभतं. पण रोजच्या ड्रॉइंगला चाकाचा, चाक दाबता येणारा माउसच घ्या. ‘थ्रीडीसाठी निरुपयोगी’ असे जे अभिप्राय वाचलेत ते तुमच्याच जातकुळीच्या लोकांचे आहेत. ऑफिसने दिलेला माउस अकाउंट्सला द्या असं म्हणणार होते, पण वर हिशेबनिसाचं काय झालं ते वाचलंत ना! रिसेप्शनला द्या.

भावाने त्याचा मॅजिक माउस मला दिला. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे. बाण हलतो, क्लिक होते, पण स्क्रोल होत नाही. – लातूर

होणार नाही. विंडोजला ब्लूटूथवरून तो साधा माउस म्हणून दिसतो. कवचावरचा स्पर्श वाचायला वेगळा ड्रायव्हर लागतो, तो विंडोजमध्ये मुळात नसतो. बाहेरची, पैसे भरून घ्यायची सॉफ्टवेअर मिळतात. ती घेण्यापेक्षा तेवढ्या पैशांत बरा चाकाचा माउस येईल. भावाला परत द्या.

(विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टनेही 2011 मध्ये ‘टच माउस’ काढला होता. एका बोटाने स्क्रोल, दोन बोटांनी खिडक्या बाजूला लावणं, तीन बोटांनी डेस्कटॉप दाखवणं. कल्पना छान होती, पण तो फार टिकला नाही. जुन्या बाजारात दिसला तर हौस म्हणून घ्या, कामासाठी नको.)

चार्जिंगचं भोक माउसच्या पोटाखाली! चार्ज करताना उताणा झोपवावा लागतो, वापरता येत नाही. एवढी मोठी कंपनी आणि हे डिझाइन? – ठाणे

या एका मुद्द्यावर जेवढे विनोद झाले तेवढे बाकी कुठल्या माउसवर झाले नसतील. 2015 च्या मॉडेलमध्ये सेल गेले, आत बॅटरी आली आणि लायटनिंगचं, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या चार्जिंग वायरचं, भोक खाली आलं. ऑक्टोबर 2024 मध्ये यूएसबी-सी आलं, तेव्हा सगळे टपून बसले होते की आता तरी जागा बदलेल. भोक बदललं, जागा तीच राहिली.

मला ते डिझाइन हट्टी वाटतं. पण रोजच्या वापरात त्याचा त्रास अभिप्रायांत वाटतो तेवढा होत नाही. पूर्ण चार्ज महिनाभर, कधी जास्तही जातो, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दोन मिनिटांच्या चार्जिंगवर नऊ तास काम होतं. चहा टाकायला उठलात तेवढ्यात भागतं. मात्र ज्यांचं काम मिनिटाला बांधलेलं आहे, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, न्यूजरूम, तिकीट खिडकी, त्यांनी वायरचा एक माउस खणात ठेवावा. ऐन वेळी उताणा पडलेला माउस बघण्याची पाळी येऊ नये.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती अभिप्रायांत क्वचितच दिसते. पहिल्या मॉडेलला दोन पेन्सिल सेल लागायचे. संपले की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नवे आणायचे, माउस पुन्हा चालू. आताची बॅटरी आत बंद आहे, आपल्याला बदलता येत नाही. काही वर्षांनी ती थकली की चांगला चालणारा माउस तिच्याबरोबर थकतो. काळा माउस अमेरिकेत 99 डॉलरला आणि पांढरा 79 ला, असा रंगाचा फरकही कंपनी घेते. एवढे पैसे मोजणाऱ्याने हा प्रश्न विचारायला हवा.

बँकेत आहे. दोन महिन्यांपासून हा माउस वापरतेय आणि मनगटाच्या वरच्या बाजूला दुखतं. माउसमुळे असेल? – सांगली

डॉक्टरांना दाखवा, ते आधी. दुखणं दोन महिने चाललं असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका.

माउसपुरतं बोलायचं तर संशयाला जागा आहे. हा माउस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच आहे. तळहाताला खालून आधार मिळत नाही, त्यामुळे हात चिमटीने धरल्यासारखा राहतो. त्यात चुकून स्क्रोल होऊ नये म्हणून आपण बोटं नकळत अधांतरी धरतो. बोटं वर धरून ठेवणारे स्नायू मनगटाच्या वरच्या बाजूनेच जातात. अर्धा तास बघा, तुमची तर्जनी आणि मधलं बोट टेकलेली आहेत की हवेत आहेत. हवेत असतील तर तळहाताखाली भरून येणारा, उंच पाठीचा माउस मागून घ्या आणि पंधरा दिवस वापरून बघा. लहान हाताच्या लोकांच्या अभिप्रायांत या माउसचं कौतुक जास्त सापडतं, मोठ्या हातवाल्यांच्या तक्रारी जास्त. ते उगीच नाही.

पावसाळ्यात बाण उड्या मारतो. कधी अडखळतो, कधी माउस तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. – रत्नागिरी

तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. स्पर्श ओळखणारं कवच विजेच्या सूक्ष्म भारावर चालतं, त्यामुळे ओलसर, घामट बोट त्याला गोंधळात टाकतं. स्क्रोल वेडंवाकडं होत असेल तर हात आणि माउस दोन्ही पुसा. माउस बंद करून, किंचित ओलसर मऊ फडक्याने. थेट फवारा मारू नका.

बाण उडत असेल तर दोष बहुधा टेबलाचा. पारदर्शक काचेवर याचा सेन्सर चालत नाही, चकचकीत सनमायकावरही अडखळतो. खाली साधं पॅड घाला. उलटा करून खालच्या दोन काळ्या पट्ट्याही बघा, त्यांच्या कडेला मळाचा चिकट थर बसतो.

जोडणी तुटत असेल तर लॅपटॉपला लावलेल्या वस्तू बघा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि यूएसबी 3 ची केबल, हब किंवा हार्डडिस्क त्याच पट्ट्यात गोंगाट करते. चिप बनवणाऱ्या इंटेलनेच 2012 मध्ये यावर लिहिलंय. हब माउसपासून लांब, दुसऱ्या बाजूला लावा. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेता आलं तर तेही करा.

बाबांना 72 वं सरलंय. नातवाने त्यांना हाच माउस घेऊन दिला. ते म्हणतात, ‘हात लावला की पान पळतं.’ – डोंबिवली

बाबांचं बरोबर आहे. कापऱ्या हाताला हा माउस माफ करत नाही. इनर्शिया आणि सगळ्या हातखुणा बंद करून आठवडाभर देऊन बघा. तरी पान पळालं तर चाकाचा, ठळक बटणांचा वायरवाला माउस आणा आणि हा नातवाकडे परत पाठवा. त्याला आवडेल.