वाचकांचे प्रश्न: गूळ-शेंगदाणे खाऊनही रक्त का वाढेना?

प्रश्न : माझं हिमोग्लोबिन ९.२ होतं. रोज गूळ-शेंगदाणे खाते, बीटचा रस घेते. दोन महिने लोहाची गोळीही चालू आहे, तरी आकडा ९.५ च्या पुढे जात नाही. विसरू नये म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सकाळच्या चहाबरोबरच घेते.
(गृहिणी, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : विसरू नये म्हणून जी वेळ तुम्ही ठरवलीत, तिथंच बहुधा गडबड आहे. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि कॅल्शियमही त्याचं शोषण कमी करतं. लोहाची गोळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीआधी आणि नंतर किमान तासभर चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर चालेल. पोटात मळमळत असेल, तर एक दिवसाआड गोळी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एका गोळीनंतर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं, त्यामुळं दिवसाआड घेतल्यानं फारसं नुकसान होत नाही. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, त्यानं घाबरून गोळी सोडू नका.

गुळाबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलणं जरा धाडसाचं, पण हिशेब मांडू. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते. दहा ग्रॅमच्या खड्यातून मिळतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. बाकी सगळी साखरच. बीटचा लाल रंग रक्ताचा नव्हे, लोहाचाही नव्हे. मोड आलेली मटकी बरी, कारण मोड आले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं. वर लिंबू पिळलं की आणखी बरं. म्हणजे मिसळ वाईट नाही, मिसळीमागून लगेच येणारा चहा वाईट. मटण खात असाल तर लोह फोडींत आणि कलेजीत असतं, नुसता तांबडा रस्सा वाट्या भरभरून प्यायल्यानं ते मिळत नाही.

गोळी नीट घेतली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅमनं वाढायला हवं. वाढलं नाही, तर गोळी बदलत बसण्याऐवजी कारण शोधा. पाळीत जास्त रक्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे डॉक्टरांना सांगा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) आणि बी-१२ तपासून घ्या. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, फार कमी, पण तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर दिसत असेल, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असण्याची शक्यता पडताळावी लागते. तिथं लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही उपयोग होत नाही. आणि आकडा १२ वर पोहोचला की गोळी थांबवायची घाई नको. शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

प्रश्न : वीस वर्षं सिगारेट ओढतो. सुटत नाही, म्हणून निदान कॅन्सरपासून बचावासाठी बीटा कॅरोटिनच्या (गाजरात असतं आणि शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं, त्या घटकाच्या) कॅप्सूल सुरू करू का?
(वाचक, कागल)

उत्तर : करू नका. हाच तर्क फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तपासला गेला. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. निष्कर्ष १९९४ मध्ये आले. अमेरिकेतल्या तशाच एका चाचणीत उलटा परिणाम दिसू लागल्यावर १९९६ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. गाजर, पपई, शेवग्याचा पाला बिनधास्त खा, हा धोका कॅप्सूलमधल्या मोठ्या मात्रेचा आहे. मल्टिव्हिटामिन घेत असाल तर त्याच्या डबीवरही बीटा कॅरोटिन किती आहे ते वाचा. सिगारेटवर उतारा मात्र कुठल्याच जीवनसत्त्वात नाही.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, शाकाहारी. मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन घेतात. तळपायांना मुंग्या येतात. सगळे म्हणतात, शुगरचंच आहे. ते रोज गंगावेशीतल्या कट्ट्यावर ताजं धारोष्ण दूध पितात, मग बी-१२ कमी कसं असेल?
(वाचक, कळंबा)

उत्तर : असू शकतं. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचं शोषण घटतं. वयानुसार जठरातलं आम्ल कमी होतं, हा तिसरा मार. मुंग्या मधुमेहानंही येतात आणि बी-१२ च्या कमतरतेनंही, त्यामुळं दुसरं कारण झाकलं जातं. तपासणी करून घ्या. २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघायला सांगू शकतात. नसांवर परिणाम झाला असेल, तर सुरुवात बहुधा इंजेक्शननं होते. नस जितकी जुनी दुखावलेली, तितकी ती कमी सावरते, म्हणून दिवाळीनंतर बघू असं करू नका.

दोन गोष्टी टाळा. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. आणि नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नका, तिनं रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. जाता जाता, दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात, आणि उकळल्यानं बी-१२ थोडंसंच घटतं.

प्रश्न : घरात बीपी आहे. कमी सोडियमचं मीठ आणावं का?
(वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीची गोळी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. या मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साचून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. बाकीच्यांना ते उपयोगी आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या चाचणीत असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये दिसलं.

पण आधी घरातलं मीठ मोजा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, या हिशेबानं चौघांना किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. फोडलेल्या तारखेची चिठ्ठी पिशवीवर चिकटवा. महिन्यात संपली, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात कांदा-लसूण चटणी विकतची असेल तर तिच्यातलं, लोणच्यातलं, पापडातलं आणि फरसाणातलं मीठ अजून धरलेलंच नाही.